वाहत्या पाण्याचे लाँग एक्स्पोजर फोटो बघताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धबधबा, ओढा, नदी, समुद्र यांचे ते दुधाळ, धुकट फोटो आपण सगळ्यांनीच बघितलेत. मी बरीच वर्षं असे फोटो काढतेय आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांनी काढलेले बघत बसते, आणि कोणी भेटलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. इथे कॅमेरा शिकवायचा नाहीये, फोटो कसा बघायचा ते सांगायचंय. तरी थोडंफार कॅमेऱ्याचं येणारच, कारण शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा, किती वेळ उघडं होतं याचा अंदाज आल्याशिवाय या फोटोंची निम्मी गंमत हातातून निसटते.

लाँग एक्स्पोजर म्हणजे नेमकं किती लाँग?

ठरलेला आकडा नाही. दिवसाउजेडी साधा फोटो काढला तर शटर १/१२५ किंवा १/५०० सेकंद उघडतं, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्याही आत सगळं संपलेलं असतं. पाण्याच्या बाबतीत माझा हिशोब सोपा आहे, शटर उघडं असताना पाणी फोटोत जाणवेल इतकं सरकलं की ते लाँग एक्स्पोजर. म्हणून कोसळत्या धबधब्याला १/८ सेकंदसुद्धा पुरतो आणि वारा पडलेल्या तळ्याला दोन मिनिटं दिली तरी फारसा फरक पडत नाही. बहुतेक कॅमेरे स्वतःहून ३० सेकंदांपर्यंत जातात, त्यापुढे बल्ब मोड वापरतात, त्यात बटण दाबून धरलंय तोवर शटर उघडं राहतं. (बल्ब हे नाव जुन्या रबरी फुग्यावरून आलंय, तो दाबला की हवेच्या दाबाने शटर उघडायचं आणि सोडला की मिटायचं.)

पाणी दुधासारखं पांढरं का होतं? पाण्याला तर रंगच नसतो ना?

पांढरं होतं तो फेस. पाणी आपटलं, फुटलं की त्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळतात आणि प्रत्येक बुडबुड्याच्या पृष्ठभागावरून प्रकाश वाकतो, परततो, सगळ्या रंगांचा प्रकाश सगळीकडे फेकला जातो, म्हणून फेस पांढरा. शांत, न फुटलेलं पाणी कितीही वेळ शटर उघडं ठेवलं तरी पांढरं होत नाही, ते पारदर्शकच राहतं, त्यातून तळाचे गोटे दिसतात किंवा वरच्या झाडांचा हिरवा रंग त्यात उतरतो.

आता यातला मुद्दा, जो माझ्या मते या सगळ्या फोटोंची किल्ली आहे. शटर उघडं असताना फोटोतली प्रत्येक जागा तिथे येणारा सगळा प्रकाश साठवत जाते. समजा एका जागेवरून चार सेकंदांपैकी दोन सेकंद फेस गेला आणि दोन सेकंद काळसर पाणी गेलं, तर ती जागा मधल्या करड्या रंगाची दिसणार. सतत फेस असेल तर पांढरीशुभ्र, क्वचितच आला तर हलकीशी धूसर. म्हणजे ते जे रेशमी पदर दिसतात ना, तो त्या जागेवरून फेस किती वेळ वाहिला याचा नकाशा असतो. हे एकदा डोक्यात बसलं की असा फोटो बघताना नुसतं ‘किती छान, कापसासारखं’ असं वाटत नाही, प्रवाह कुठून येतो, कुठे दबतो, कुठे वळतो हे वाचता यायला लागतं.

डोळ्यांना असं पाणी कधीच दिसत नाही. मग हा फोटो खोटाच झाला की?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे जरा सविस्तर.

आधी हे बघा की गोठवलेलं पाणीसुद्धा डोळ्यांना कधी दिसत नाही. १/२००० सेकंदात काढलेल्या फोटोत धबधब्याचा प्रत्येक थेंब काचेच्या मण्यासारखा हवेत लटकलेला असतो, असा धबधबा तुम्ही कधी पाहिलाय? हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये दुधाच्या थेंबाचा फोटो काढला, थेंब आपटल्यावर उसळलेला तो मुकुट, तो फोटो जगभर गाजला, आणि तो मुकुट नुसत्या डोळ्यांनी दिसणं शक्यच नव्हतं, त्यासाठी अतिशय झटपट चमकणारा फ्लॅश लागला. तरी त्याला कोणी खोटा म्हणत नाही. मग वेळ कापून छोटा केला तर खरा आणि वेळ ताणून मोठा केला तर खोटा, असं का म्हणायचं?

दुसरं म्हणजे इतिहास बघितला तर दुधाळ पाणी हे आधीचं आहे. सुरुवातीच्या फोटोग्राफरांना पर्यायच नव्हता, फोटो ज्यांवर उतरायचा त्या प्लेटा प्रकाश टिपायला इतक्या मंद होत्या की वाहतं पाणी धूसरच यायचं. कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यात साधारण १८ बाय २२ इंचांच्या प्रचंड काचेच्या प्लेटा वापरून फोटो काढले, त्यातले धबधबे पांढऱ्या पट्ट्यासारखे दिसतात. एडवर्ड माय्ब्रिज यांनीही १८७२ मध्ये तिथेच फोटो काढले आणि त्यांचंही पाणी धुरासारखं. गंमत अशी की याच माय्ब्रिजनी पुढे १८७८ मध्ये धावत्या घोड्याचे पाय हवेत गोठवून दाखवले. एकाच माणसाच्या हातून दोन्ही टोकं झाली, आणि मला तरी त्यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं वाटत नाही.

उलट गोष्टही झालीये. गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढले, त्यात फुटणारी लाट स्पष्ट दिसते, आणि तेव्हा लोकांना नेमकं याचंच नवल वाटलं होतं, की लाट पकडली कशी! त्यांच्या काही फोटोंमध्ये समुद्र एका निगेटिव्हचा आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हचं आहे, कारण त्या काळच्या प्लेटांवर एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही नीट येत नसे. म्हणजे ज्याला आपण ‘जसं दिसलं तसं’ म्हणू तो फोटो जोडलेला निघाला, आणि दुधाळ धबधबा मात्र एकाच काचेवर सरळ उतरलेला.

माझं म्हणणं एवढंच की ओढ्याकाठी पाच मिनिटं बसून घरी आल्यावर मनात जे पाणी उरतं त्यात सुटे थेंब नसतात, एक धार असते, एक लय असते. लाँग एक्स्पोजर त्याच्या जवळ जातो. सगळ्यांना हे पटेलच असं नाही.

नुसता फोटो बघून शटर किती वेळ उघडं होतं ते ओळखता येतं का?

बऱ्यापैकी येतं, आणि हीच सवय लावून घ्या असं मी सगळ्यांना सांगते. अगदी आकडा नाही, पण अंदाज.

१/१५ ते १/८ सेकंद असेल तर शिंतोड्यांच्या छोट्या छोट्या रेघा दिसतात, पावसाची चित्रं काढताना लहान मुलं ज्या तिरक्या रेघा मारतात तशा. पाव ते एक सेकंद ही माझी सगळ्यात आवडती जागा, इथे रेघा लांब होतात पण अजून एकमेकींत मिसळलेल्या नसतात, प्रवाहाचा एकेक धागा वेगळा कळतो, पाण्याला वजन आहे असं वाटतं. दोन सेकंदांच्या पुढे धागे एकत्र येऊन कापड होतं, ज्याला सगळे रेशमी म्हणतात ते हे. वीस-तीस सेकंदांना समुद्रावर धुकं उतरल्यासारखं होतं, लाटा अशा राहतच नाहीत. आणि दोन-चार मिनिटं गेली की पाण्याची काच होते, पण तोपर्यंत वरचे ढगही ओढल्यासारखे लांबलेले असतात, त्यामुळे पाणी एकदम सपाट आणि आकाशात फराटे असं दिसलं की समजायचं हा काही मिनिटांचा मामला आहे.

पण नुसत्या वेळेवर जाऊ नका, पाण्याचा वेगही धरायला लागतो. पाच मीटर उंचीवरून पडलेलं पाणी तळाशी पोचतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळपास १० मीटर असतो, म्हणजे १/८ सेकंदात ते सव्वा मीटर खाली आलेलं असतं. शेजारच्याच ओढ्यात पाणी चालत्या माणसाच्या वेगाने, सेकंदाला एखादा मीटर, वाहत असेल तर तेवढ्याच वेळात ते जेमतेम १२ सेंटिमीटर सरकतं. एकाच फोटोत, एकाच शटरला, धबधबा रेशमी आणि खालचा ओढा अजून खडबडीत दिसतो तो याचमुळे. शिवाय अंतर आहेच, लांबून काढलेला धबधबा फ्रेममध्ये छोटा असतो त्यामुळे तेवढाच वेळ देऊनही तो कमी पुसट होतो.

असा फोटो समोर आला की आधी कुठे बघायचं?

न हललेल्या गोष्टींकडे. मी पहिल्यांदा दगड बघते, त्यावरचं शेवाळ, ओल, चिरा. पाणी मऊ झालंय ते कळतं कशामुळे तर बाजूचं काहीतरी कडक आणि धारदार राहिलंय म्हणून. दगडही किंचित मऊ असतील, कडा दुहेरी दिसत असतील, तर ट्रायपॉड हललेला आहे. हे फार सहज होतं, ट्रायपॉडचा पाय प्रवाहात असेल तर पाणी त्याला सतत थरथरवत राहतं, आणि समुद्राच्या वाळूत तर लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि ट्रायपॉड खचतो, माझे यात कितीतरी फोटो गेलेत.

मग दगड आणि पाणी जिथे भेटतात ती कड बघा. तिथे पाणी किती उंच चढतं, कुठून वळसा घालतं, दगडाच्या मागे कुठे शांत पडतं. प्रवाह दगडावर आदळतो त्या बाजूला बहुतेक वेळा एक गडद, काचेसारखी पट्टी असते आणि मागच्या बाजूला फेस. हे प्रत्येक दगडाला वेगळं असतं.

आणि एक खास गोष्ट शोधायची, जागेवर उभी असलेली लाट. नदीच्या तळाशी मोठा दगड असला की त्याच्या पुढे पाण्याचा एक उंचवटा तयार होतो, पाणी त्यातून सतत निघून जातं पण उंचवटा तिथेच राहतो. लाँग एक्स्पोजरमध्ये बाकीचं सगळं खळाळतं पाणी पुसलं जातं आणि हा उंचवटा मात्र गुळगुळीत, घडवल्यासारखा उरतो. पाण्यातही काही आकार टिकून असतात हे मला पहिल्यांदा फोटोतच कळलं, काठावर उभी असताना तो आकार शिंतोड्यांच्या गोंधळात दिसलाच नव्हता.

एखादा फोटो घेऊन सांगा ना, म्हणजे नीट कळेल.

माझ्याकडे एक आहे, प्रसिद्ध वगैरे काही नाही. ओढ्यातला छोटासा डोह, सकाळची वेळ, ऊन अजून पाण्यावर आलेलं नाही, शटर वीस सेकंद. डोहात वरून एक धार पडते आणि पाणी डाव्या अंगाने गोल फिरून बाहेर जातं. त्या फिरत्या पाण्यावर फेसाचे काही पुंजके होते, अंगठ्याएवढे. काठावरून बघताना ते नुसते इकडून तिकडे तरंगत होते. फोटोत त्यांच्या वर्तुळाकार रेघा उमटल्या, एकात एक, बाहेरच्या पुसट आणि मधल्या दाट, कारण मधले पुंजके वीस सेकंदांत एकापेक्षा जास्त फेऱ्या मारून त्याच वाटेवरून पुन्हा गेले आणि बाहेरचे अर्धीच फेरी करू शकले. कुठलं पाणी पटपट फिरतंय आणि कुठलं आळसावलंय हे त्या रेघांवरून सरळ वाचता येतं.

आणि उजव्या कोपऱ्यात एक पिवळं पान आहे. त्याचा देठ दगडाच्या फटीत अडकलाय, त्यामुळे देठाजवळचा भाग इतका स्वच्छ आलाय की शिरा मोजून घ्या, आणि टोकाकडे येता येता पान हळूहळू विरत जातं, टोक तर नुसता पिवळा धूर. एकाच पानात स्थिर आणि हलतं असं दोन्ही. लोकांना फोटो दाखवला की ते भोवऱ्यावर बोलतात, मी मात्र त्या पानाजवळच थांबते, वीस सेकंद ते तिथे कसं धडपडत होतं ते सगळं त्यात आहे.

समुद्राचे फोटो ओढ्याच्या फोटोंपेक्षा वेगळे का वाटतात?

ओढा एकाच दिशेला जातो, समुद्र येतो आणि जातो. ओढ्यात अर्धा सेकंद आणि दहा सेकंद यात फरक पदर दाट होण्याचा, समुद्रात मात्र चित्रच बदलतं. खोल समुद्रातून येणाऱ्या मोठ्या लाटांमध्ये साधारण आठ ते पंधरा सेकंदांचं अंतर असतं. म्हणजे अर्धा-एक सेकंद दिला तर तुम्हाला एकाच लाटेचा एक क्षण मिळतो, विशेषतः लाट परत जाताना वाळूवरून फेसाच्या ज्या लांबलचक रेघा ओढल्या जातात त्या, आणि इथे बटण कधी दाबलं याला फार महत्त्व आहे, अर्धा सेकंद उशीर झाला तर रेघा गायब. तेच तीस सेकंद दिले तर दोन-तीन मोठ्या लाटा एकावर एक साठतात आणि कुठली कुठली ते कळत नाही.

खडकांवर बघितलं तर आणखी मजा. लाट खडकावर सगळ्यात उंच क्वचितच चढते, खालच्या भागात मात्र पाणी जवळजवळ सतत असतं, म्हणून खडकाच्या पायथ्याशी दाट पांढरं आणि वर जाताना विरळ होत जाणारं धुकं दिसतं. त्या विरळ धुक्याची वरची हद्द आणि खडकावरच्या ओल्या काळ्या रंगाची हद्द यांची तुलना करून बघा, फोटो काढायच्या आधी लाट किती वर चढून गेली होती ते कळतं.

असे सगळे फोटो सारखेच दिसतात, कंटाळा नाही का येत?

येतो. एक जेटी किंवा पाण्यात उभे लाकडी खांब, सपाट पांढरं पाणी, वर ढगांचे फराटे, हे इतकं झालंय की आता त्यात काढणाऱ्याने काय पाहिलं ते शोधावं लागतं. मला वाटतं यात दोष जास्त वेळ शटर उघडं ठेवण्याच्या सवयीचा आहे. पाण्याला स्वतःचा काहीतरी स्वभाव असतो, इथलं उथळ खळखळतं, तिथलं खोल आणि जड, आणि चार मिनिटं दिली की सगळी पाणी एकसारखी होतात. ज्या फोटोत ते पाणी त्याच जागेचं वाटतं तो मला चांगला वाटतो. ज्यात पाणी कुठलंही चाललं असतं, तो बघून मी पुढे जाते.

अजून एक खूण, पांढऱ्या भागात झूम करून बघा. तिथे हलके करडे पदर, बारीक फरक दिसले तर काढणाऱ्याने एक्स्पोजर जपलंय. नुसता कोरा पांढरा डाग असेल तर माहिती जळून गेलेली आहे, फेस सतत एकाच जागी प्रकाश ओतत राहतो त्यामुळे हे पटकन होतं.

पण अपवाद आहेत. काही वेळा सपाट पाणीच हवं असतं, एखादा एकटा दगड किंवा झाड त्यातून वर आलेलं असतं आणि बाकी सगळं शांत करायचं असतं. तेव्हा तो निर्णय असतो, सवय नसते, आणि बघताना ते कळतं.

यातले बरेच फोटो ब्लॅक अँड व्हाइट का असतात?

रंग काढला की उरतं ते गडद आणि उजळ, आणि मी वर म्हटलं तसं या फोटोतलं पाणी म्हणजे मुळात उजळपणाचा नकाशाच, त्यामुळे तो जास्त स्वच्छ वाचता येतो. एक व्यवहारी कारणही आहे, गडद फिल्टर लावून काढलेल्या फोटोंवर अनेकदा निळसर किंवा तपकिरी झाक येते, ती ब्लॅक अँड व्हाइटमध्ये त्रास देत नाही. मात्र जंगलातल्या ओढ्याला मी रंगच पसंत करते, ओल्या शेवाळाचा हिरवा आणि त्याची पाण्यात पडलेली झाक घालवून काय मिळवायचं?

भर उजेडात इतका वेळ शटर उघडं ठेवलं तर फोटो पांढरा फटक होत नाही का?

होतो, म्हणून लेन्सपुढे गडद काच लावतात, तिला एनडी फिल्टर म्हणतात. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. तीन स्टॉपची काच आठवा हिस्सा प्रकाश आत सोडते, सहा स्टॉपची चौसष्टावा, आणि दहा स्टॉपची साधारण हजारावा, तिच्यातून डोळ्यांना जवळजवळ काही दिसत नाही म्हणून फ्रेम आधी ठरवून, फोकस करून मगच ती लावायची. हिशोब असा की जिथे १/३० सेकंद पुरला असता तिथे दहा स्टॉप लावल्यावर ३४ सेकंद लागतात.

पोलरायझर नावाचा दुसरा फिल्टर ओल्या दगडांवरची चकाकी काढतो आणि पाण्याखालचे गोटे दाखवतो. फोटोत पाण्याचा तळ अगदी स्पष्ट दिसत असेल आणि ओले दगड चकाकण्याऐवजी गर्द रंगाचे असतील तर बहुधा तो लावलेला आहे. पण चकाकी पूर्ण काढली की पाणी कधीकधी पाणीच वाटत नाही, थोडी राहू द्यावी.

फिल्मवर काढलेल्यांचं एवढं कौतुक का?

लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मची प्रकाश टिपायची ताकद कमी कमी होत जाते, म्हणजे हिशोबाने एक मिनिट आलं तर प्रत्यक्षात दोन-तीन मिनिटं किंवा जास्तही द्यावी लागतात, फिल्मनुसार हे बदलतं. शिवाय निकाल लगेच दिसत नाही. त्यामुळे तिथे अंदाजाची खरी परीक्षा असते. फोटो बघणाऱ्याने मात्र फिल्म आहे म्हणून जास्त मार्क द्यायची गरज नाही.

मोबाईलने किंवा बरेच फोटो जोडून केलेलं लाँग एक्स्पोजर खरं धरायचं का?

मी धरते. आयफोनमध्ये २०१७ पासून लाइव्ह फोटोला (म्हणजे फोटोसोबत टिपल्या जाणाऱ्या छोट्या हलत्या क्लिपला) लाँग एक्स्पोजरचा इफेक्ट देता येतो, त्यात साधारण तीन सेकंदांच्या फ्रेम एकत्र करून सरासरी काढली जाते. काही कॅमेरेही आतल्या आत भरपूर फ्रेम जोडून एनडी फिल्टरसारखा परिणाम देतात. प्रकाश सलग साठवला काय किंवा तुकड्यातुकड्यांनी साठवून सरासरी काढली काय, तत्त्व जवळजवळ तेच. फरक बघायचा तर रेघांमध्ये बघा, फ्रेम कमी असतील तर फेसाची रेघ सलग न येता टप्प्याटप्प्याने, तुटक ठिपक्यांसारखी येते.

जिथे पाणी नंतर कॉम्प्युटरवर नुसतं ब्लर केलेलं असतं ते मात्र वेगळं. तिथे धूसरपणा सगळीकडे सारखा असतो, दगडाभोवती वळत नाही, उभी लाट उरत नाही, दगडाच्या कडेलाही पाणी ठरलेल्या दिशेनेच ओढलेलं असतं. प्रवाह कसा होता हे त्या फोटोला माहितीच नसतं.

कोणाचं काम बघावं?

मायकेल केन्ना यांच्यापासून सुरुवात करा. इंग्लंडमध्ये १९५३ साली जन्मलेले, चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट फोटो, रात्रीची एक्स्पोजर कधीकधी कित्येक तासांची, जपानमधल्या होक्काइदोमधलं बर्फ आणि पाणी. त्यांचे प्रिंट मुद्दाम छोटे असतात, साधारण २० सेंटिमीटर, त्यामुळे फार जवळ जाऊन बघावं लागतं. मग हिरोशी सुगिमोतो यांचे समुद्र बघा, १९८० पासून सुरू केलेली मालिका, क्षितिज बरोबर मध्यावर, वर हवा आणि खाली पाणी, बाकी काही नाही. एकेक बघितला तर कदाचित काही वाटणार नाही, ओळीने आठ-दहा बघा.

आणि पाण्याचे नसलेले दोन फोटो सुचवते, कारण त्यांच्यामुळे पाण्याचे फोटो जास्त कळतात. एक लुई दागेर यांचा १८३८ मधला पॅरिसचा रस्ता. एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे रस्त्यावरची सगळी वर्दळ वाहून गेली आणि दिसतो तो बुटाला पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस. दुसरा अलेक्सी तितारेंको यांचा, १९९२ ते ९४ मध्ये त्यांनी सेंट पीटर्सबर्गमधल्या गर्दीचे लाँग एक्स्पोजर काढले, त्यात मेट्रोच्या पायऱ्यांवरून वर चढणारी माणसं धुरासारखी, पुरासारखी दिसतात आणि कठड्यावर टेकलेले हात तेवढे स्पष्ट उमटलेत. ते हात बघितल्यापासून मी ओढ्याच्या फोटोत काय काय धरून बसलंय ते शोधायला लागले.

स्क्रीनवर बघितलं तर चालतं का, की प्रिंटच बघावी?

स्क्रीन चालते, पण मोबाईलवर बोटाने सरकवत सरकवत नको. पांढऱ्यातले बारीक फरक छोट्या, उजळ स्क्रीनवर हरवतात. ब्राइटनेस जरा कमी करा आणि फोटो पूर्ण स्क्रीन भरून बघा. प्रिंट मिळाली तर उत्तमच, चांगल्या कागदावर तो पांढरा कोरा वाटत नाही, त्याला साय आल्यासारखी जाडी येते.

आणि वेळ द्या. तीस सेकंदांच्या फोटोकडे निदान तीस सेकंद बघायचं असा माझा स्वतःपुरता नियम आहे. पहिल्या पाच सेकंदांत सुंदर वाटून झालेलं असतं, दगडामागचं शांत पाणी वगैरे दिसायला लागतं ते नंतर.

मी फोटो काढत नाही आणि काढणारही नाही. मला हे सगळं जमेल का?

जमेल, कॅमेऱ्याशिवायच करून बघा. पुढच्या वेळी वाहत्या पाण्याजवळ गेलात की एकच जागा निवडा, दगडाच्या कडेची एखादी वीतभर जागा, आणि नजर तिथेच ठेवा. सुरुवातीला डोळे आपोआप पाण्याबरोबर खाली धावतात, त्यांना परत आणायचं. मिनिटभराने तिथला फेस कधी येतो आणि कधी थांबतो ते लक्षात यायला लागेल, मग पाण्याच्या वळणाचा आकार दिसेल, आणि मग कदाचित त्या दगडाला चिकटून थरथरणारं एखादं पान किंवा गवताची काडीही.